व्यवस्थापनाची प्रवेश परीक्षा : ती काय मोजते, काय मोजत नाही

सिल्वासाहून खानवेलकडे निघालेला रस्ता राखोलीला दमणगंगा ओलांडतो. नदीच्या वरच्या अंगाला मधुबन धरण आहे आणि रस्त्याच्या आजूबाजूला पॉलिएस्टर यार्नचे, प्लास्टिकचे, केबलचे कारखाने आहेत. करसवलतींच्या आधाराने उभ्या राहिलेल्या या औद्योगिक पट्ट्याने आसपासची गावे इतकी बदलली की २०११च्या जनगणनेत राखोलीची नोंद शहरी वस्ती म्हणून झाली. इथल्या वारली, कोकणा, ढोडिया घरांतली मुले आणि महाराष्ट्र, गुजरात, उत्तर भारतातून पोटापाण्यासाठी आलेल्या कुटुंबांतली मुले आता पदवीपर्यंत पोचू लागली आहेत. बी.कॉम. किंवा बी.एस्सी. झालेल्या मुलापुढे किंवा मुलीपुढे दोन वाटा असतात: जवळच्या कारखान्यात हिशेबाला, स्टोअरला, क्वालिटीला लागायचे, किंवा आणखी शिकून त्याच कारखान्याच्या निर्णय घेणाऱ्या टेबलापर्यंत जायचे. दुसरी वाट बहुधा एमबीएची असते, आणि तिच्या तोंडाशी प्रवेश परीक्षा उभी असते. कॅट, सीईटी, सीमॅट, जीमॅट ही नावे सगळ्यांच्या कानांवर असतात. परीक्षेच्या आत नेमके काय असते, ती कशी बांधलेली असते आणि तिचा निकाल कसा वाचायचा, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. पुढच्या प्रकरणांत एकेका परीक्षेचा तपशील येईल. त्याआधी या परीक्षांकडे पाहावे कसे, याबद्दल एक भूमिका मांडणे गरजेचे वाटते.

ती भूमिका अशी. व्यवस्थापनाची प्रवेश परीक्षा माणसाची उपजत बुद्धी मोजत नाही. ठरलेल्या वेळेत, बहुतांशी इंग्रजीत, विशिष्ट तऱ्हेचे प्रश्न सोडवण्याचा सराव किती झाला आहे, हे ती मोजते. तेवढे ती बऱ्यापैकी प्रामाणिकपणे मोजते, म्हणून तिला खोटी ठरवण्यात अर्थ नाही. पण सराव ही मिळवण्याची गोष्ट आहे आणि ती मिळण्याची सोय सगळीकडे सारखी नाही, म्हणून तिच्या आकड्याला माणसाची लायकी मानण्यातही अर्थ नाही. राखोलीचा पदवीधर आणि या परीक्षा यांच्यामध्ये जे अंतर आहे ते मुख्यतः माहितीचे आणि भाषेचे आहे. ते कापता येते. कापायचे असेल तर आधी परीक्षेची रचना समजून घ्यावी लागते.

अशी परीक्षा मुळात हवीच कशाला, या प्रश्नाचे उत्तर तिच्या जन्मकथेत आहे. १९५३ साली अमेरिकेतल्या नऊ व्यवस्थापनशाळा एकत्र आल्या. त्यांची अडचण साधी होती. अर्ज करणारे विद्यार्थी वेगवेगळ्या विद्यापीठांतून आलेले होते. एका ठिकाणचे साठ टक्के आणि दुसऱ्या ठिकाणचे साठ टक्के यांची तुलना होत नव्हती. सर्वांना एकच प्रश्नपत्रिका दिली तर निदान एक तरी समान माप हाती येईल, असा विचार करून त्यांनी १९५४ पासून एक सामाईक चाचणी सुरू केली. पहिल्या वर्षी ती जेमतेम दोन हजारांच्या आसपास उमेदवारांनी दिली. हीच चाचणी १९७६ पासून जीमॅट या नावाने ओळखली जाते. भारतात १९६१ साली कोलकाता आणि अहमदाबाद इथे भारतीय व्यवस्थापन संस्था, म्हणजे आयआयएम, स्थापन झाल्या आणि त्यांनाही हीच अडचण आली. शेकडो महाविद्यालये, डझनावारी विद्यापीठे, प्रत्येकाची गुण देण्याची रीत निराळी. त्यातून कॅट आली. महाराष्ट्रात राज्याची स्वतंत्र सीईटी आहे आणि तिच्या गुणांवर जमनालाल बजाज संस्थेसारख्या, १९६५ साली मुंबई विद्यापीठात सुरू झालेल्या नामवंत ठिकाणीही प्रवेश मिळतो. गुजरातमधले एमबीएचे प्रवेश सीमॅटच्या गुणांवर होत आले आहेत. म्हणजे राखोलीच्या विद्यार्थ्याला दक्षिणेकडचे दार वेगळ्या किल्लीने उघडते, उत्तरेकडचे वेगळ्या, आणि आयआयएमचे तिसऱ्याच.

या किल्ल्या एकमेकींना लागत नाहीत, हे पहिल्यांदा लक्षात घ्यावे. महाराष्ट्राच्या सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ४५ सेकंद. त्यात तर्काचे प्रश्न सर्वांत जास्त असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. २०२४च्या कॅटमध्ये १२० मिनिटांत ६८ प्रश्न होते, म्हणजे प्रश्नाला पावणेदोन मिनिटे. शिवाय भाषा, आकडेवारी-तर्क आणि गणित या तीन विभागांना प्रत्येकी ४० मिनिटे बांधून दिलेली, एका विभागातला उरलेला वेळ दुसऱ्याला वापरता येत नाही. बहुपर्यायी प्रश्नात बरोबर उत्तराला ३ गुण आणि चुकीला उणे १. नोव्हेंबर २०२३ पासून नव्या रूपात आलेल्या जीमॅटमध्ये १३५ मिनिटांत ६४ प्रश्न असतात, आणि तुम्ही कशी उत्तरे देता त्यानुसार संगणक पुढचा प्रश्न सोपा किंवा अवघड निवडतो. सीईटीत वेग आणि धीटपणा लागतो, कारण एकही प्रश्न कोरा ठेवणे म्हणजे फुकट मिळणारी संधी सोडणे. कॅटमध्ये निवड लागते: कोणता प्रश्न सोडून द्यायचा, हे ज्याला लवकर कळते तो पुढे जातो. जीमॅटमध्ये प्रत्येक प्रश्न शांतपणे तपासावा लागतो. एकाच मुलाला या तीन परीक्षांत तीन निरनिराळे निकाल मिळू शकतात आणि त्यात नवल काहीच नाही. बुद्धी एकच असती आणि परीक्षा तीच मोजत असत्या, तर असे होण्याचे कारण नव्हते.

आता एक प्रश्न जवळून पाहू. जीमॅट किंवा सीईटीत येतो तशाच जातीचा, पण राखोलीच्या परिसरातला. एका टेक्स्चराइजिंग कारखान्यात दिवसपाळीपेक्षा रात्रपाळीत धागा जास्त वेळा तुटतो. व्यवस्थापकाने निष्कर्ष काढला की रात्रपाळीचे कामगार कामावर लक्ष ठेवत नाहीत. पुढीलपैकी कोणत्या विधानाने हा निष्कर्ष सर्वांत कमकुवत होतो? पहिले विधान: रात्रपाळीच्या कामगारांना जादा भत्ता मिळतो. दुसरे: दोन्ही पाळ्यांत तेवढीच मशीन चालतात. तिसरे: बारीक डेनियरचा, लवकर तुटणारा माल मुख्यतः रात्रपाळीलाच लावला जातो. चौथे: रात्री जागून काम करणे शरीराला जड जाते. घाईत वाचणारा चौथ्याकडे वळतो, कारण त्याची सहानुभूती कामगारांकडे असते. पण चौथे विधान निष्कर्षाला उलट बळच देते. शरीर थकले तर लक्ष उडणारच. दुसरे विधान एक शक्य कारण बाजूला काढते, म्हणजे तेही व्यवस्थापकाच्याच बाजूचे. पहिल्याचा मुद्द्याशी संबंध नाही. तिसरे मात्र धागा तुटण्याचे वेगळेच कारण पुढे आणते आणि निष्कर्षाचा पाया काढून घेते. उत्तर तिसरे. मशीनवर उभा राहणारा राखोलीचा कोणताही ऑपरेटर हे उत्तर आपल्या बोलीत सहज देईल: माल कोणता लावला होता ते आधी बघा. पण हाच प्रश्न इंग्रजीत, अनोळखी धंद्याच्या गोष्टीत गुंडाळून, दोन मिनिटांचे घड्याळ लावून समोर आला की तोच ऑपरेटर, आणि त्याची पदवीधर मुलगीसुद्धा, अडखळते. विचार करण्याची ताकद दोन्ही वेळा तीच असते. बदलतो तो तिचा पेहराव. परीक्षेचा सराव म्हणजे मुख्यतः या पेहरावाची ओळख करून घेणे.

रचनेइतकाच निकालही समजून घ्यावा लागतो, आणि इथे सर्वांत जास्त गैरसमज होतात. शाळेपासून आपल्याला टक्क्यांची सवय असते. ९० टक्के म्हणजे शंभरातले नव्वद गुण. या परीक्षांत पर्सेंटाइल मिळते आणि ती निराळी गोष्ट आहे. ९० पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के लोक तुमच्या बरोबरीला किंवा मागे आहेत. तुम्ही किती प्रश्न सोडवले हे त्यातून कळत नाही, रांगेत कुठे उभे आहात एवढेच कळते. कॅटला अलीकडे दरवर्षी तीन लाखांच्या आसपास उमेदवार बसतात. त्यात ९९ पर्सेंटाइल मिळवणाऱ्याच्या पुढे जवळपास तीन हजार जण असतात. दुसरीकडे, गेल्या काही वर्षांत ९९ पर्सेंटाइलसाठी एकूण गुणांच्या निम्मेसुद्धा लागलेले नाहीत. बोर्डाच्या परीक्षेत ज्या गुणांवर घरात चिंता पसरली असती, त्या गुणांवर इथे देशातल्या पहिल्या एक टक्क्यात जागा मिळते. हे माहीत नसलेला विद्यार्थी पहिल्याच सराव परीक्षेत चाळीस टक्के गुण पाहून हातपाय गाळतो आणि नाद सोडतो. चुकीच्या उत्तराला कापल्या जाणाऱ्या गुणांचेही तसेच आहे. चार पर्याय, बरोबरला ३, चुकीला उणे १ असा हिशेब असेल, तर डोळे मिटून ठोकलेल्या उत्तरांतून सरासरीने शून्यच हाती येते. पण एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर उरलेल्या तिघांतून निवडण्यात सरासरीने थोडा फायदाच असतो. हे साधे गणित आहे. शहरातल्या क्लासमध्ये ते पहिल्याच आठवड्यात सांगितले जाते. राखोलीच्या मुलीला ते सांगणारा कोणी भेटेल याची खात्री नाही, आणि असमानता नेमकी इथून सुरू होते.

मग ही परीक्षा निरुपयोगी आहे का? पुरावा तसे सांगत नाही. २००७ साली कुंसेल, क्रेडे आणि थॉमस या अभ्यासकांनी जीमॅटवरच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात ६० हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची माहिती होती. एमबीएच्या अभ्यासक्रमात विद्यार्थी कसा चालेल, याचा अंदाज जीमॅटच्या गुणांवरून पदवीच्या गुणांपेक्षा चांगला येतो आणि दोन्ही एकत्र घेतले तर तो आणखी सुधारतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा पुरावा बाजूला सारता येणार नाही. पण तो काय सांगतो याची मर्यादाही पाहिली पाहिजे. अंदाज आहे तो अभ्यासक्रमातल्या कामगिरीचा. कारखाना कोण नीट चालवेल, संपाच्या वेळी कामगारांशी कोण बोलू शकेल, तोट्यातली शाखा कोण सावरेल, याबद्दल तो फारसे बोलत नाही. शिवाय हा अंदाज मोठ्या समूहाचा सरासरी अंदाज आहे. एका माणसाचे भविष्य त्यात लिहिलेले नसते. पायलीने भात किती आहे ते मोजता येते. तो पाटाच्या पाण्यावर पिकला की डोंगरउतारावर, हे पायली सांगत नाही आणि पुढच्या वर्षी त्या शेतात किती पिकेल हेही नाही. मापाकडून मापाचेच काम घ्यावे.

पहिला मोठा आक्षेप इथे येतो: शेत वेगळे, पाणी वेगळे, आणि मापणी मात्र एकाच पायलीने, याला न्याय म्हणायचा का? हा आक्षेप आजचा नाही. इंग्रज सरकारने १८५५ पासून मुलकी सेवेसाठी खुली स्पर्धा परीक्षा सुरू केली. कागदावर ती सर्वांना खुली होती. पण ती लंडनमध्ये होत असे, इंग्रजी शिक्षणावर बेतलेली असे आणि तिला जाण्याचा खर्च भारतातल्या फार थोड्या घरांना झेपणारा होता. सत्येंद्रनाथ टागोर १८६३ साली ती उत्तीर्ण होणारे पहिले भारतीय ठरले आणि त्यांची सेवा मुंबई इलाख्यात झाली. पण ही परीक्षा भारतात व्हायला १९२२ साल उजाडावे लागले. मधल्या काळात किती लायक माणसे केवळ अंतरामुळे बाहेर राहिली, याची गणती कोण करणार? महाराष्ट्रात हा मुद्दा सर्वांत नेमका मांडला तो महात्मा जोतीराव फुल्यांनी. १८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी सरकारी शिष्यवृत्त्यांच्या पद्धतीवर बोट ठेवले. चढाओढीने शिष्यवृत्ती देण्याची रीत वरवर न्याय्य दिसत असली, तरी ज्यांच्या घरात विद्या आधीच आली आहे त्यांनाच तिचा लाभ होतो आणि बाकीच्या वर्गांत शिक्षण पसरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून ज्या वर्गांत शिक्षण पोचलेले नाही, त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या राखून ठेवाव्यात, अशी मागणी त्यांनी केली. कॅटच्या जन्माच्या कित्येक दशके आधी लिहिलेले हे विवेचन कॅटला जसेच्या तसे लागू पडते. स्पर्धा खुली असणे आणि स्पर्धेपर्यंत पोचण्याचा रस्ता खुला असणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

हे मान्य केले की अनेकांना वाटते, मग परीक्षाच बंद करावी. हा मार्ग आकर्षक असला तरी चुकीचा आहे. परीक्षा काढली तर तिच्या जागी काय येणार? एकतर पदवीचे गुण, किंवा मुलाखत, किंवा शिफारस. पदवीच्या गुणांची तुलना होत नाही, म्हणून तर परीक्षा आली. मुलाखतीत बोलण्याची सफाई, उच्चार, कपडे, घरातले वळण यांचे वजन परीक्षेपेक्षा जास्त पडते, शिफारशीत ओळखीचे. राखोलीच्या मुलाकडे या तिन्ही गोष्टी परीक्षेच्या गुणांपेक्षाही कमी असण्याचा संभव आहे. परीक्षेत निदान त्याचे आडनाव, त्याची बोली, त्याच्या वडिलांचे काम तपासणाऱ्या संगणकाला दिसत नाही. परीक्षा चालवणारी यंत्रणा चुकते, हेही खरे. नोव्हेंबर २००३ मध्ये झालेली कॅट प्रश्नपत्रिका फुटल्यामुळे रद्द झाली आणि फेब्रुवारी २००४ मध्ये ती पुन्हा घ्यावी लागली. २००९ साली कॅट पहिल्यांदा संगणकावर आली तेव्हा अनेक केंद्रांवर यंत्रे बंद पडली आणि हजारो उमेदवारांना मनस्ताप झाला. पण या घटना उघडकीस आल्या, त्यावर चौकशी झाली, परीक्षा पुन्हा घेतल्या गेल्या. बंद दाराआडच्या निवडीतला अन्याय असा उघडा पडतच नाही. म्हणून फुल्यांच्या मार्गाने जायचे: परीक्षा ठेवायची आणि तिच्यापर्यंतचा रस्ता सगळ्यांसाठी बांधायचा. आयआयएममध्ये अनुसूचित जमातींसाठी ७.५ टक्के आणि अनुसूचित जातींसाठी १५ टक्के जागा राखीव आहेत, त्या याच विचाराच्या आहेत. त्या जागांची कटऑफ कमी असते, म्हणून दर्जा घसरतो असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: कटऑफ ही फक्त आत येण्याची रेषा आहे. आत आल्यावर तेच वर्ग, तीच प्रकरणे, त्याच परीक्षा सर्वांना द्याव्या लागतात आणि पदवी त्या उत्तीर्ण झाल्यावरच मिळते.

राखोलीच्या संदर्भात इथे एक गुंतागुंत आहे, ती स्पष्ट सांगायला हवी. वारली, कोकणा, ढोडिया या जमाती दादरा आणि नगर हवेलीच्या अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत, त्यामुळे आयआयएमसारख्या केंद्रीय संस्थेत इथल्या दाखल्यावर राखीव जागेचा हक्क मिळतो. पण महाराष्ट्राच्या सीईटीत राज्याचे आरक्षण राज्याच्या रहिवाशांपुरते असते. खानवेलच्या पलीकडे थोड्या अंतरावर महाराष्ट्राची हद्द लागते. हद्दीपलीकडच्या वारली मुलीला जो लाभ मिळतो तो अलीकडच्या मुलीला त्याच परीक्षेत मिळत नाही, तिला परराज्यातली उमेदवार म्हणून स्पर्धेत उतरावे लागते. घरी मराठी किंवा मराठीला जवळची बोली बोलली जाते आणि पुण्यामुंबईत नातेवाईक आहेत, एवढ्यावर हा नियम बदलत नाही. म्हणून कोणती परीक्षा द्यायची हे ठरवताना केवळ कोणती सोपी, असा विचार करून चालणार नाही. कोणत्या परीक्षेत आपला दाखला चालतो, केंद्र कुठे आहे, तिच्या गुणांवर कोणकोणत्या संस्था प्रवेश देतात, शुल्क किती आहे, हे सगळे आधी पाहावे. २०२४ साली कॅटचे नोंदणी शुल्क सर्वसाधारण गटासाठी २,५०० आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १,२५० रुपये होते. जीमॅटला वीस हजारांहून अधिक रुपये मोजावे लागतात. कॅटचे गुण एका प्रवेशवर्षापुरते चालतात, जीमॅटचे पाच वर्षे. नियम, शुल्क आणि प्रश्नसंख्या वरचेवर बदलतात, त्यामुळे त्या वर्षीचे अधिकृत माहितीपत्रक वाचल्याशिवाय अर्ज भरू नये.

दुसरा आक्षेप क्लासचा. हजारो रुपये भरून क्लास लावल्याशिवाय हे जमत नाही, असे पालकांना वाटते आणि जाहिरातींनी ते मनावर पक्के बिंबवले आहे. परीक्षा सरावाची आहे असे म्हटले की क्लासचे महत्त्व आपोआप मान्य होते, हे खरे. पण क्लासमध्ये नेमके काय विकत मिळते, ते पाहिले पाहिजे. शिस्त, सोबत, सराव परीक्षा आणि परीक्षेच्या रचनेची माहिती, एवढेच मिळते. यातली माहिती आज जवळपास फुकट उपलब्ध आहे. कॅटच्या मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका पाहायला मिळतात, त्यांची उत्तरे कशी काढायची हे समजावणारे साहित्य आहे. गणिताचा भाग दहावीच्या पुस्तकापलीकडे फारसा जात नाही: टक्केवारी, गुणोत्तर, वेग-वेळ-अंतर, साधी बीजगणिती समीकरणे, भूमिती. शिस्त आणि सोबत चार-पाच मित्रमैत्रिणींच्या गटातून उभी राहू शकते. आठवड्यातून एकदा घड्याळ लावून एक प्रश्नपत्रिका सोडवायची, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दुसऱ्या दिवशी प्रत्येक चुकलेल्या उत्तराचे कारण लिहून काढायचे: वाचनात चूक झाली, हिशेबात झाली, की वेळ संपली? चुकांची अशी वही सहा महिने नेमाने ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला आपली कच्ची बाजू इतकी नेमकी कळते की मोठ्या क्लासातल्या वर्गातही तितकी कळणे अवघड. क्लास परवडत असेल तर जरूर लावावा. परवडत नाही म्हणून परीक्षाच सोडून देणे मात्र चूक आहे.

तिसरा अडथळा भाषेचा आहे आणि तो सर्वांत खरा आहे. या परीक्षा इंग्रजीत होतात. २०२४च्या कॅटच्या भाषा विभागात २४ प्रश्न होते आणि त्यांतले बहुतेक दीर्घ उताऱ्यांवरचे होते. उतारे अर्थशास्त्राचे, मानववंशशास्त्राचे, कलेचे, विज्ञानाचे असतात. मराठी किंवा गुजराती माध्यमातून शिकलेल्या मुलाला इथे धाप लागते. या परीक्षा मराठीतही व्हाव्यात, ही मागणी राज्याच्या सीईटीच्या बाबतीत रास्त आहे आणि तिचा पाठपुरावा व्हायला हवा. पण ती मान्य होईपर्यंत आजच्या मुलांना थांबता येणार नाही. या विभागात शब्दसंग्रहापेक्षा युक्तिवाद धरून ठेवण्याची क्षमता जास्त तपासली जाते: लेखक काय म्हणतो, कशाच्या आधारे म्हणतो, कुठे तो दुसऱ्याचे मत सांगतो आणि कुठे स्वतःचे. ही क्षमता मराठीतही कमावता येते. रोज वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचून त्यातला मुख्य मुद्दा दोन वाक्यांत लिहिण्याची सवय लावून घेतलेला मुलगा इंग्रजी उताऱ्यापाशी कोरा जात नाही. त्याला फक्त भाषा ओलांडायची असते, विचार नाही. त्यासाठी वेळ मात्र लागतो. परीक्षेच्या आधी तीन महिने शब्दांच्या याद्या पाठ करून हे साधत नाही. पदवीच्या पहिल्या वर्षापासून रोज अर्धा तास इंग्रजी गद्य वाचले, तर तिसऱ्या वर्षापर्यंत फरक नक्की दिसतो. हे सांगण्याची योग्य जागा महाविद्यालयाचा पहिल्या वर्षाचा वर्ग आहे.

शेवटचा प्रश्न या सगळ्याच्या मुळाशी आहे: एमबीए करावेच का? सगळ्यांनी करावे, असे हे पुस्तक म्हणत नाही. अहमदाबादच्या आयआयएमचा दोन वर्षांचा खर्च २५ लाखांच्या आसपास जातो. शैक्षणिक कर्ज आणि शिष्यवृत्त्या मिळतात, तरी निर्णय मोठा आहे. दर्जा नसलेल्या संस्थेतून कर्ज काढून घेतलेली पदवी कुटुंबाला वर्षानुवर्षे वाकवू शकते, म्हणून चांगले गुण न मिळाल्यास कुठेतरी प्रवेश घेण्यापेक्षा वर्षभर काम करून पुन्हा परीक्षा देणे पुष्कळदा शहाणपणाचे असते. अनेक आयआयएम निवडीत कामाच्या अनुभवालाही गुण देतात. राखोलीच्या कारखान्यात काढलेली दोन वर्षे वाया जात नाहीत. पण हा निर्णय माहिती घेऊन झाला पाहिजे. परीक्षा काय असते हेच ठाऊक नसल्यामुळे कोणी वाट सोडू नये आणि एका आकड्याच्या धाकाने कोणी स्वतःला कमी लेखू नये. ज्या परिसरात कारखाने आहेत, तिथल्या माणसांनी ते फक्त चालवावेत आणि त्यांचे निर्णय दुसरीकडून आलेल्यांनी घ्यावेत, ही व्यवस्था कायमची मानण्याचे कारण नाही.

म्हणून या पुस्तकाच्या वाचकांना तीन विनंत्या. विद्यार्थ्यांनी पुढचे प्रकरण उघडण्याआधी मागच्या वर्षीची एक संपूर्ण प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवावी. गुण कितीही पडोत, तयारीची सुरुवात तिथून होते. प्राध्यापकांनी पहिल्या वर्षाच्या वर्गाला या परीक्षांची ओळख करून देणारा एक तास दरवर्षी ठेवावा आणि ग्रंथालयात जुन्या प्रश्नपत्रिकांचा एक संच विद्यार्थ्यांच्या हाताला लागेल असा ठेवावा. यासाठी वेगळा निधी लागत नाही. आणि पालकांनी निकालाच्या दिवशी पर्सेंटाइलबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: गेल्या वर्षभरात तू काय शिकलीस? परीक्षेच्या तारखा दरवर्षी ठरलेल्या असतात. तयारी कधी सुरू करायची, ते आपल्या हातात आहे, आणि ती आज सुरू करावी.